डोक्याने व्हीआर चालवायचंय? आधी लॅपटॉपचा चार्जर काढा

सगळ्यात पहिलं काम, लॅपटॉपचा चार्जर बोर्डातून काढा आणि बॅटरीवर चालवा. पुढं जे सांगणार आहे, म्हणजे मेंदूचा सिग्नल वाचून त्याने व्हीआरमध्ये बटण दाबायचं, त्यात डोक्याला वायरी चिकटवायच्या आहेत आणि त्या वायरी यूएसबीतून लॅपटॉपला जाणार, म्हणजे चार्जर लावलेला असला की तुमचं डोकं आणि विजेचा खांब यांच्यामध्ये फक्त त्या चार्जरच्या आतलं इन्सुलेशन उरतं, आणि तो चार्जर कुठल्यातरी टपरीवरून अडीचशे रुपयांत आणलेला असेल तर पुढं मी काय बोलायचं. मी रोज असले चार्जर उघडतो. आत काय असतं ते मला माहितीय.

माझं काम यंत्रमागाच्या मोटरी आणि पॅनल रिपेअरिंगचं, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मेंदूशी माझा संबंध आला तो भाच्यामुळं. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो, होम मैदानावर एका स्टॉलला व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांपुढं अख्खं खोटं जग उभं करणारा, गॉगल लावून खुर्ची हलवायचे, भाचा उतरला तो डोळे चोळत, आणि म्हणाला "मामा, हे काय खरं नाही, कंट्रोलर हातात धरावा लागतोय. डायरेक्ट मेंदूला जोडलं तर? हात पाय हलवायचेच नाहीत, नुसतं पडून राहायचं आणि पूर्ण आत जायचं, वास पण येईल, मार पण लागेल." मी म्हटलं "काय बे, मार खायला एवढ्या लांब कशाला जायचं, घरी चल." पण विषय डोक्यात राहिला. दोन महिने रात्रीचे घातले, आणि आता एक गोष्ट, मेंदूचा सिग्नल वाचून बटण दाबायची, घरी करून दाखवता येते, दुसरी, पूर्ण आत जायची, का जमत नाही ते पण त्याच सामानावर समजतं. ज्याला करून बघायचंय त्याच्यासाठी हे लिहितोय.

सामान. बायोअँप ईएक्सजी पिल म्हणून अंगातले बारीक सिग्नल वाढवणारा बोटाएवढा बोर्ड मिळतो, दिल्लीच्या अपसाइड डाउन लॅब्जचा, ऑनलाइन. एक अर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड. ईसीजीचे चिकटणारे जेल इलेक्ट्रोड, सिव्हिलच्या आसपास सर्जिकलच्या दुकानात पाकीट मिळतं. केसातून सिग्नल घ्यायला एक-दोन कप इलेक्ट्रोड आणि त्याची कंडक्टिव्ह पेस्ट, ही ऑनलाइनच मागवावी लागते. कपड्याचा हेअरबँड. आणि फोन घालायचा पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा साधा व्हीआर बॉक्स. मला सगळं मिळून चार हजाराच्या आत पडलं, लॅपटॉप आणि फोन सोडून. महागडा हेडसेट घ्यायची गरज नाही, निदान आधी तरी नाही.

आता पिल का लागते ते बघा, कारण भाच्याने आधी डायरेक्ट वायर अर्डुइनोत खुपसली होती आणि "मामा मेंदू बंद आहे" म्हणून ओरडत होता. डोक्याच्या कातडीवर मेंदूचा सिग्नल येतो तो साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. उनोच्या आर-थ्री मॉडेलमध्ये व्होल्टेजचा आकडा करणारा १० बिटचा कन्व्हर्टर आहे, म्हणजे ५ व्होल्टचे १०२४ भाग, एक पायरी जवळपास ५ मिलिव्होल्टची. ५० मायक्रोव्होल्टचा सिग्नल म्हणजे त्या एका पायरीचा शंभरावा भाग. अर्डुइनोला तो दिसणारच नाही. आधी हजारो पटींनी वाढवायला लागतो, आणि वाढवताना सगळा कचरा पण वाढतो, त्यामुळं दोन इलेक्ट्रोडमधला फरक तेवढा घ्यायचा आणि दोन्हीकडं सारखं जे येतं ते फेकायचं असं ते सर्किट असतं. पिल ते काम करते. नवीन येते तेव्हा ती मेंदू आणि डोळ्यांच्या सिग्नलसाठीच सेट असते, दंडाच्या स्नायूसाठी वापरायची असेल तर एका जागी सोल्डर टाकून बदलावी लागते, आपल्याला त्याची गरज नाही.

जोडणी सोपी आहे. पिलचा व्हीसीसी अर्डुइनोच्या ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, आउट ए-झिरो पिनला. तिकडून तीन इलेक्ट्रोडच्या वायरी निघतात, प्लस, मायनस आणि रेफरन्स. मायनस डाव्या कानामागच्या हाडावर, रेफरन्स उजव्या कानामागच्या हाडावर, हे दोन शेवटपर्यंत तिथंच राहणार. प्लस फक्त हलवायचा, आधी कपाळावर डाव्या भुवईच्या वर. वायरी एकमेकींत पिळून घ्या, लोंबकळत ठेवू नका, पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली तरी स्क्रीनवर भूकंप दिसतो.

प्रोग्रॅममध्ये सेकंदाला २५६ वेळा ए-झिरो वाचायचा, न चुकता सारख्या अंतराने, आणि आकडा सिरियलवर, म्हणजे यूएसबीतून लॅपटॉपला, टाकायचा, बॉड रेट म्हणजे पाठवायचा वेग ११५२००. अर्डुइनोच्याच सिरियल प्लॉटरमध्ये रेघ दिसायला लागेल. पहिल्यांदा जे दिसेल ते मेंदू नाही, ते घरातल्या विजेचं ५० हर्ट्झ आहे, सेकंदाला ५० हेलकावे. जाड, एकसारखी, दात काढलेली रेघ. आपल्या घरातली सगळी वायरिंग अंगावर रेडिओसारखी येते, आपण म्हणजे चालता फिरता अँटेना. माझ्या दुकानात तर चारी बाजूंनी मोटरी, तिथं काहीच जमलं नाही. घरी आलो, ट्यूबलाइट बंद, फ्रीजपासून लांब, पलंग भिंतीपासून ओढला, जरा बरं. सगळ्यात स्वच्छ सिग्नल कधी आला सांगू का, लाइट गेल्यावर. मे महिन्यात रात्री साडेनऊला अख्ख्या गल्लीची लाइट गेली, सगळे शिव्या देत बाहेर आले आणि आम्ही दोघं आत टॉर्च लावून नाचतोय, कारण रेघ एकदम बारीक झाली होती. लाइट जायची वाट बघायची नसेल तर प्रोग्रॅममध्ये ३० हर्ट्झच्या वरचं सगळं कापणारा फिल्टर टाका, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सायपाय लायब्ररीत तयार मिळतो.

कातडीची तयारी हा भाग लोक उडवतात आणि मग बोर्डाला नावं ठेवतात. माझ्या बहिणीने भाच्याच्या डोक्याला सकाळी खोबरेल तेल चोपडलेलं, आणि आम्ही दुपारभर वायरी बदलत बसलो. तेल म्हणजे इन्सुलेटर. केस शाम्पूने धुवा, वाळवा, कानामागं आणि कपाळावर ओल्या कापसाने जरा चोळून मेलेली कातडी काढा, रक्त येईपर्यंत नाही, लाल होईपर्यंत. सोलापूरचा उन्हाळा अजून एक अडचण आणतो, घाम. घामाने रेघ हळूहळू वर चढते, खाली उतरते, जसं पाणी हलावं तसं. ०.५ हर्ट्झच्या खालचं कापलं की बरंचसं जातं पण इलेक्ट्रोडच निसटला तर फिल्टर काय करणार. सकाळी सहा-सातला करा, किंवा थंडीत.

आता पापणी मिटवा. प्लॉटरवर मोठा डोंगर येईल. दर मिटवण्याला एक. लोक इथंच खूश होऊन व्हिडिओ टाकतात की मी विचाराने लाइट लावला. भावांनो, तो मेंदू नाही. डोळ्याचा गोळा पुढून प्लस आणि मागून मायनस असा बॅटरीसारखा असतो, पापणी त्याच्यावरून सरकली की कपाळावरचा व्होल्टेज बदलतो. उपयोगी आहे, मी पण वापरतो, फक्त नाव बरोबर द्या.

यासाठी माझी एक टेस्ट आहे, तिला आम्ही भाकरी टेस्ट म्हणतो. इलेक्ट्रोड लावलेले असताना कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावून चावायला घ्या. स्क्रीनवर जे काही होईल ते बघा. जबड्याचे स्नायू मिलिव्होल्टपर्यंत जातात, मेंदूच्या सिग्नलच्या दहापट, कधी त्याहून जास्त, आणि फिल्टर लावला तरी खालच्या हर्ट्झमध्ये घुसतात. तुमचा "मेंदूने चालणारा" गेम भाकरी चावताना पण चालत असेल तर तो जबड्यावर चालतोय. बाजारात एकाग्रता मोजणारे जे पट्टे मिळतात त्यातला एखादा मित्राकडं असेल तर त्याच्यावर हीच टेस्ट करा, मजा येते. कपाळावर आठ्या घातल्या की "फोकस" वाढतो का तेवढं बघायचं.

खरा मेंदू बघायचा असेल तर प्लस मागं न्यायचा. डोक्याच्या मागं मधोमध हाताला एक उंचवटा लागतो, त्याच्या दोन बोटं वर आणि दीड बोट डावीकडं. केसांचा भांग पाडा, कपात पेस्ट भरा, कातडीला दाबून बसवा, वरून हेअरबँड. या जागेखाली डोळ्याने बघितलेलं समजून घेणारा मेंदूचा भाग आहे. आता आरामात बसा, जबडा सैल, आणि डोळे मिटा. दोन-तीन सेकंदांत रेघेवर एकसारख्या लाटा यायला लागतील, सेकंदाला आठ ते बारा. डोळे उघडा, लाटा विरतात. ही अल्फा लहर. जर्मनीत येना गावात हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला रेकॉर्ड घेतला, १९२९ मध्ये छापला, त्यात हीच लहर होती, डोळे उघडले की जाणारी. सुरुवातीला लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता म्हणे, आणि मी स्वतः बघितल्यावर मला पण आधी वाटलं की पंखा आहे.

डोळे मिटल्यावर लाट वाढते, कमी होत नाही, हे उलटं वाटतं ना? मला ते मागाच्या शेडमुळं समजलं. शेडच्या बाहेर रस्त्यावर उभे राहा. आत पन्नास माग आपापल्या वेगाने चालू असतील तर बाहेर नुसता गोंगाट येतो, त्यातून काही कळत नाही. पण ते जर योगायोगाने एका ठेक्यात आले तर खट-खट-खट असा ठेका भिंतीबाहेर स्पष्ट ऐकू येतो. डोळे मिटले की तिथल्या पेशींना बघायचं काम नसतं, त्या एका ठेक्यात येतात, बाहेर लाट दिसते. डोळे उघडले की प्रत्येक जण आपलं वेगळं काम धरतो, ठेका मोडतो. कातडीवरच्या इलेक्ट्रोडला दिसतं ते लाखो पेशींचं एकत्र, तेही कवटीने पसरवून पुसट केलेलं. शेडच्या भिंतीला कान लावून माग चालू आहेत का, जेवणाची सुट्टी झाली का एवढं सांगता येतं. कुठल्या मागावर मोराची चादर निघतीय आणि कुठल्यावर चौकड्याची, ते बाहेरून नाही सांगता येत, कितीही भारी मायक्रोफोन आणा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता याचं बटण करायचं. पायथनमध्ये पायसिरियलने आकडे घ्या, शेवटच्या एका सेकंदाचे २५६ आकडे एकत्र करून एफएफटी काढा, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती जोर आहे ते मिळतं. ८ ते १२ चा जोर भागिले ४ ते ३० चा एकूण जोर, हा एक आकडा धरा. नुसता जोर धरला तर इलेक्ट्रोड सुकला की सगळंच पडतं, भागाकार केला की बऱ्यापैकी टिकतो. मग ३० सेकंद डोळे उघडे, ३० सेकंद बंद, दोन्हीची सरासरी काढा आणि मध्ये कुठंतरी लेव्हल ठरवा. एकच लेव्हल ठेवू नका, बटण फडफडत राहतं. फ्रीजच्या थर्मोस्टॅटसारखं करा, चालू व्हायची लेव्हल वर, बंद व्हायची खाली. आणि दररोज नव्याने सेट करायचं, कालचे आकडे आज चालत नाहीत, पेस्ट वेगळी, जागा एक सूत इकडं तिकडं, झोप कमी झालेली, सगळ्याने फरक पडतो.

हे झालं की स्वतःला फसवत नाही ना ते तपासा. एकाने नाणं उडवायचं, छापा आला तर तुम्हाला हळूच सांगायचं की डोळे मिट, काटा आला तर उघडे ठेव, आणि तिसऱ्याने तुमच्याकडं पाठ करून फक्त स्क्रीन बघून ओळखायचं. वीस वेळा. नुसत्या अंदाजाने २० पैकी १५ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता २ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे १५ किंवा वर आलात तर सिस्टीम खरंच काहीतरी वाचतीय. आम्ही पहिल्या दिवशी ११ वर होतो. तेल.

व्हीआरला जोडायला उनो आर-थ्री सहजासहजी स्वतः कीबोर्ड बनत नाही, त्यामुळं लॅपटॉपवरची स्क्रिप्ट वायफायवरून फोनला छोटा मेसेज पाठवते, यूडीपी नावाच्या पद्धतीने, आणि फोनवर युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला सीन तो ऐकतो. भाच्याने सिद्धेश्वर तलावाचा सीन केला, काठावर उभं राहायचं, पलीकडं देऊळ, दोनदा पटकन पापणी मारली की एक पाऊल पुढं, तीन सेकंद अल्फा टिकली की पाण्यात दिवा लागतो. पापणीसाठी कपाळावरचा दुसरा चॅनल लागतो, म्हणजे दुसरी पिल ए-वनला. दोन डोंगर ६०० मिलिसेकंदांच्या आत आले तरच मोजा, साधी पापणी आपण मिनिटाला पंधरा-वीसदा मारतोच. बॉक्सचा मागचा पट्टा बरोबर त्या मागच्या इलेक्ट्रोडवर बसतो, त्याने तो दाबून राहतो हा फायदा, पण डोकं फिरवलं की सिग्नल उडतो, म्हणून फोनच्या जायरोने, म्हणजे फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरने, मान हलली सांगितलं की पुढचा एक सेकंद मेंदूचा डाटा फेकून द्या.

आणि मग आमच्या लक्षात आला तो घोळ, जो आधीच यायला पाहिजे होता. सगळ्यात पक्का सिग्नल येतो डोळे मिटल्यावर. म्हणजे दिवा लागतो तेव्हा बघणाऱ्याचे डोळे बंद. भाचा तीन सेकंद डोळे मिटून उभा, पाण्यात दिवा लागला, त्याने डोळे उघडले, अल्फा गेली, दिवा विझला. "मामा, लागला का?" "लागला होता बे." शेवटी दिवा लागल्यावर टाळ वाजतो असं केलं आणि उघडल्यावर पाच सेकंद दिवा तसाच ठेवला.

डोळे उघडे ठेवून काय करता येतं? उजवा हात हलवतोय असा नुसता विचार केला तर डोक्याच्या डाव्या बाजूला, कान आणि माथा यांच्या साधारण मधोमध, सी-थ्री म्हणतात त्या जागेवरची लहर पडते, डाव्या हाताच्या विचाराने उजवीकडं सी-फोरवर. खरंच पडते. पण त्यासाठी दोन्ही बाजूंना चॅनल हवेत, आठवडे सराव हवा, आणि साधारण १५ ते ३० टक्के लोकांना ते नीट जमतच नाही, त्यांची चूक नसते. दुसरा मार्ग म्हणजे स्क्रीनवर वेगवेगळ्या वेगाने लुकलुकणारे चौकोन, ज्याच्याकडं बघाल त्याच वेगाची लहर डोक्यामागं उमटते. हा पक्का चालतो, पण डोळे दुखतात, आणि घरात कुणाला फिट येत असेल किंवा कधी आली असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका, लुकलुकण्याने फिट येऊ शकते.

वेगाचं पण सांगतो. आमचं बटण एका सेकंदाच्या डाटावर चालतं, वर तीन सेकंद टिकायला पाहिजे. व्हीआरमध्ये मान फिरवल्यावर चित्र २० मिलिसेकंदांच्या आत फिरलं नाही तर मळमळतं. म्हणजे मान फोनच्या सेन्सरनेच वाचायची, मेंदूवर तिथं विसंबायचं नाही. मेंदूला फक्त अधूनमधून हो-नाही विचारायचं, मिनिटाला दहा-पंधरा. गड्ड्यावरच्या त्या कंट्रोलरला एक अंगठा याच्या कितीतरी पट माहिती देतो. आता मोठ्या कंपन्यांनीसुद्धा डोकं सोडून मनगट धरलंय, फेसबुकवाल्या मेटाने २०२५ मध्ये चष्म्याबरोबर जो पट्टा आणला तो मनगटाच्या स्नायूंचे सिग्नल वाचतो, मेंदूचे नाही. माझ्या मते ते बरोबर आहे. मेंदूला हात हलवायचाय हे सगळ्यात स्वच्छ कुठं कळतं, तर हाताशी.

बरं, भाच्याचा मूळ प्रश्न, पडून राहायचं आणि पूर्ण आत जायचं. याचे दोन भाग आहेत, वाचणं आणि लिहिणं, आणि लोक हे दोन्ही एकच समजतात.

वाचणं बरंच पुढं गेलंय, पण कवटी उघडून. १९७३ मध्ये जॅक विदाल यांनी ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस हा शब्द वापरला, २००४ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू नेगल या मानेखाली लुळ्या पडलेल्या माणसाच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडचा चौकोन बसवला आणि त्याने स्क्रीनवरचा कर्सर हलवला. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने एका हातपाय लुळे पडलेल्या माणसाने मनात लिहिलेली अक्षरं ओळखून मिनिटाला ९० अक्षरांचा वेग दाखवला. इलॉन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसात १०२४ इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं, नोलंड आर्बो नाव त्याचं, तो त्याच्यावर बुद्धिबळ खेळला, आणि काही आठवड्यांत इलेक्ट्रोडचे बरेच बारीक धागे मेंदूतून मागं सरकले, मग सॉफ्टवेअर बदलून काम चालवलं. मेंदूत पेशी साधारण ८,६०० कोटी. १०२४ म्हणजे शेडच्या आत शिरून हजारेक मागांजवळ माइक ठेवला, शेड केवढी ते तुम्हीच बघा. तरी कर्सर हलवायला एवढं पुरतं.

लिहिणं हे वेगळंच दुखणं आहे. तलाव दिसायला हवा, पाणी गार लागायला हवं, उदबत्तीचा वास यायला हवा, तर प्रत्येक मागाची पंच कार्डं, म्हणजे नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं, बदलायला लागतील, चालू शेडमध्ये, माग न थांबवता. एका डोळ्यापासून मेंदूकडं जाणाऱ्या नसेत जवळपास १० लाख तंतू असतात. डोळ्याच्या पडद्यावर बसवायचं आर्गस-टू नावाचं यंत्र होतं, अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालेलं, त्यात ६० इलेक्ट्रोड. त्यातून दिसायचं काय, तर उजेडाचे ठिपके, दार कुठं, खिडकी कुठं एवढं. पुढं कंपनीने ते बनवणंच बंद केलं आणि ज्यांच्या डोळ्यात ते बसवलेलं ते तसेच राहिले, पार्ट नाही, दुरुस्ती नाही. मी रिपेअरवाला, मला यात सर्जरीपेक्षा याची भीती जास्त वाटते. मोटरीचं बेअरिंग मिळालं नाही तर मी दुसरीकडून जुगाड करतो, डोक्यातल्या मशीनचं काय करणार?

कान त्यातल्या त्यात जमलाय. कॉक्लियर इम्प्लांटमध्ये, म्हणजे कानाच्या आत बसवायच्या यंत्रात, साधारण बारा ते बावीस इलेक्ट्रोड असतात आणि त्यावर लोक फोनवर बोलतात, पण महिनोन्‌महिने शिकावं लागतं, आणि गाणं अजून नीट लागत नाही. स्पर्श थोडा जमलाय, पिट्सबर्गमध्ये नेथन कोपलंड यांच्या मेंदूत स्पर्शाच्या भागात बारीक करंट देऊन त्यांना आपल्या बोटांवर दाब जाणवला, २०१६ मध्ये त्यांनी यांत्रिक हाताने ओबामांशी मूठ पण टेकवली. हे कमी नाही. पण चार बोटांवर दाब आणि सगळ्या अंगावर पाऊस यात फार अंतर आहे.

मग तोल. तुळजापूरच्या घाटात एसटीत बसून मोबाइल बघितला की पोटात ढवळतं, कारण डोळा सांगतो स्थिर आणि कानाच्या आतला तोलाचा भाग सांगतो वळतोय. व्हीआरमध्ये तेच उलट. कानामागून करंट देऊन तोल फसवता येतो, लॅबमध्ये करतात, माणूस एका बाजूला झुकतो. हे घरी करू नका. डोक्यात करंट सोडणारी कुठलीच गोष्ट घरी करू नका, बॅटरी नऊ व्होल्टची असली तरी. पिल फक्त ऐकते, काही देत नाही, म्हणून मी तुम्हाला ती सांगितली.

शेवटचं, शरीर बंद करणं. आत पळायचं असेल तर बाहेर पाय हलायला नकोत. हे शरीराला येतं, स्वप्न पडतं त्या झोपेत मेंदूच्या देठातून स्नायूंना कुलूप लागतं, श्वासाचा पडदा आणि डोळे सोडून. कधी जाग आधी येते आणि कुलूप उशिरा उघडतं, तेव्हा माणूस म्हणतो छातीवर भूत बसलं होतं. पण ते कुलूप बटणाने लावायचं, श्वास चालू ठेवायचा, आणि घरात गॅसचा वास आला तर लगेच उघडायचं, असं यंत्र कुणाकडं नाही. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला "मग शंभर वर्षांत?" मी म्हटलं वाचणं तुझ्या हयातीत बरंच होईल, निदान ज्यांचे हातपाय चालत नाहीत त्यांच्यासाठी. लिहिण्याचं मला दिसत नाही, आणि जो कोणी पाच वर्षांत म्हणतो त्याला आधी भाकरी टेस्ट द्यायला लाव.

काम झालं की कप काढताना ओढू नका, कोमट पाण्याचा फडका दोन मिनिटं धरा, मग सुटतो. कप लगेच धुवा, नखाने किंवा घासणीने खरवडू नका, वरचा सोन्याचा मुलामा गेला की सिग्नल डळमळायला लागतो. केसातली पेस्ट वाळायच्या आत शाम्पू करा. भाच्याची एकदा वाळली, रात्री गादीला लागली, सकाळी बहिणीचा मला फोन.